दंतकथेतल्या राजांवरचे फेक लेख ओळखताना या चुका टाळा

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे विकिपीडियावर अशा राजाचा लेख वाचून "छे, असं कुठे असतं का" म्हणायचं आणि त्याला फेक ठरवून मोकळं व्हायचं. सुमेरियन (म्हणजे आजच्या इराकमधल्या प्राचीन) राजांच्या यादीत अलुलिम नावाचा राजा आहे, त्याने म्हणे २८,८०० वर्षं राज्य केलं, आणि तरीही त्याच्यावरचा लेख फेक नाहीये, कारण ही यादी जवळपास चार हजार वर्षांपूर्वी मातीवर कोरलेली सापडलीय आणि तिची एक प्रत ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन म्युझियममध्ये आहे. म्हणजे राजा होऊन गेला का हा प्रश्नच नाही, त्याची गोष्ट पहिल्यांदा कोणी आणि कधी सांगितली हे बघायचं. मी स्वतः सुरुवातीला अशाच एका बिचाऱ्या खऱ्याखुऱ्या दंतकथेवर फेक असल्याचा टॅग (लेखाच्या वर दिसणारी सूचना) लावून आलो होतो आणि चर्चा पानावर (प्रत्येक लेखामागे संपादकांच्या बोलण्यासाठी असतं ते पान) मस्त बोलणी खाल्ली.

याची गंमत स्वीडनमध्ये दिसते. योहानेस माग्नुस या तिथल्या आर्चबिशपचं १५५४ मध्ये छापलेलं पुस्तक आहे, त्यात त्याने कार्ल नावाचे सहा राजे चक्क मनाने घुसडले, नंतर एका खऱ्या राजाने त्याच हिशोबाने स्वतःला नववा कार्ल म्हणवलं (होता तो तिसराच) आणि आजचे राजे सोळावे कार्ल गुस्ताफ आहेत तेही त्याच मोजणीतून. त्या सहा जणांवर लेख असायला काहीच हरकत नाही, फक्त ते माग्नुसने रचलेत हे लेखात लिहिलेलं पाहिजे.

उलटी चूक जास्त महागात पडते, ती म्हणजे संदर्भांची लांबलचक यादी बघून गार होणं. इंग्रजी विकिपीडियावर २००७ मध्ये डिचोलीच्या युद्धावर लेख आला, १६४०-४१ मध्ये पोर्तुगीज आणि मराठा साम्राज्य लढले म्हणे. आता १६४० मध्ये कसलं मराठा साम्राज्य, शिवाजी महाराज तेव्हा दहा वर्षांचे! पण लेख इतका टापटीप होता की त्याला 'चांगला लेख' असा दर्जा मिळाला, आणि २०१२ च्या डिसेंबरमध्ये तो उडाला तो कोणीतरी दिलेली पुस्तकं खरंच शोधायला गेलं म्हणून, ती पुस्तकंच नव्हती. चिनी विकिपीडियावर तर एका खात्याने मध्ययुगीन रशियातले सरदार, लढाया, चांदीची खाण असं रचत २०० च्या वर लेख केले आणि २०२२ पर्यंत कोणाला पत्ता नाही, कारण रशियन संदर्भ उघडून बघणार कोण. त्यामुळे सगळे संदर्भ नको, दोनच घ्या पण पान नंबरासकट उघडा, पुस्तक खरं निघालं तरी त्या पानावर राजा असतोच असं नाही.

"दुसऱ्या साइटवर पण आहे, पुस्तकात पण आहे" हा तर हमखास फसवणारा पुरावा. जारेडो वेन्स नावाचा ऑस्ट्रेलियन आदिवासींचा म्हणून कोणीतरी रचलेला एक देव २००५ ते २०१५ अशी जवळजवळ दहा वर्षं विकिपीडियावर ठाण मांडून होता आणि तेवढ्यात एका छापील पुस्तकातही जाऊन बसला. म्हणून लेखाच्या वरच्या 'इतिहास पहा' वर (तिथे लेखाच्या सगळ्या जुन्या आवृत्त्या असतात) जायचं, सगळ्यात जुनी आवृत्ती काढायची, तिची तारीख बघायची आणि मग सर्चमध्ये त्या तारखेच्या आधीचा फिल्टर लावून राजाचं नाव टाकायचं. आधीचं काहीच येत नसेल तर दाल में काला. अर्थात जुनी पुस्तकं सगळीच नेटवर नसतात, त्यामुळे नावाची वेगवेगळी स्पेलिंगं टाकून बघा. इतर भाषांतले लेख बघून लगेच खूश होऊ नका, बहुतेक वेळा ते त्याच लेखाचे अनुवाद असतात.

अजून एक, हे मला फार उशिरा कळलं. खऱ्या दंतकथा अस्ताव्यस्त असतात. लिअर राजाच घ्या, ११३६ च्या आसपास जेफ्री ऑफ मॉनमथ या ब्रिटनमधल्या लेखकाने लिहिलेल्या गोष्टीत त्याला राज्य परत मिळतं, शेक्सपिअरच्या नाटकात तो मरतो, नावाचं स्पेलिंगसुद्धा एक नाही. फेक राजाचं मात्र एकच स्पेलिंग, जन्मतारीख, राज्याभिषेकाची तारीख, राणीचं नाव, सगळं कसं इस्त्री केल्यासारखं.

आणि संशय आला की लगेच लेख कोरा करू नका, कोणीतरी तुम्हालाच उपद्रवी समजून तो परत आणतं. लेख सुरू करणाऱ्याचे बाकीचे योगदान बघा (एकाच राजघराण्यावर सगळं असेल तर ते लेखही तपासायला लागतात), काय शोधलं आणि काय सापडलं नाही ते चर्चा पानावर लिहा, मग टॅग लावा. लेख सुरू झाल्याची तारीख पण तिथे नक्की टाका, कारण लेख उडाल्यावरही त्याच्या कॉप्या इकडेतिकडे राहतात आणि दोन वर्षांनी कोणीतरी तीच कॉपी संदर्भ म्हणून लावून राजाला परत गादीवर बसवतं.