लॅपटॉप झोपेतून उठताना बंद पडतोय? हात लावण्याआधी वाचा

सगळ्यात आधी बिटलॉकरची (विंडोजमधलं डिस्कचं कुलूप) रिकव्हरी की, म्हणजे ते कुलूप उघडणारा आकडा, कागदावर लिहून घ्या. 48 आकडी असते, कंटाळा येतो, तरी लिहा. त्याच लॅपटॉपमध्ये सेव्ह करू नका, हेही सांगावं लागतं म्हणून सांगतो.

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचे हिशोब मी बघतो. गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत लॅपटॉप नुसता मिटवून होम मैदानावर गेलो. परत येऊन उघडला तर पंखा चालू आणि पडदा काळा. हे तिसऱ्यांदा झाल्यावर वैतागून 18 तारखेला बायोस (विंडोजच्या आधी मशीन चालू करणारं सॉफ्टवेअर) अपडेट केलं. पुढच्याच मिनिटाला निळा पडदा आला, रिकव्हरी की द्या म्हणून. माझ्याकडे कुठली की? ‘मी काही बिटलॉकर चालू केलं नाही’ असं तुम्हीही म्हणाल. मीही म्हणालो होतो. विंडोज होममध्येही मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की बऱ्याच लॅपटॉपवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, होते आणि की त्या खात्यात जाऊन बसते. माझ्या लॅपटॉपवर ते खातं दुकानातल्या पोराचं निघालं! घेताना ‘मी करून देतो साहेब’ म्हणत त्याने स्वतःचा ईमेल टाकला होता. जीएसटीचं 3बी रिटर्न 20 तारखेला भरायचं होतं, पोरगं सापडलं 22ला. दिवसाला 50 रुपये लेट फी, मालकांचं बोलणं वेगळं. तेव्हा खातं कुणाचं आहे ते आजच बघा, आणि पडद्यावरच्या की आयडीशी जुळवता यावं म्हणून कीसोबत तिचा आयडीही लिहा.

बॅकअप घ्या. टॅलीचा डेटा पेनड्राइव्हवर. पुढे.

एक वही ठेवा. एका वेळी एकच बदल करायचा आणि मग चार-पाच वेळा झोपवून उठवायचं. निदान एकदा रात्रभर झोपवा, कारण बऱ्याच लॅपटॉपवर काही तास झोपल्यावर स्लीपचं हायबरनेट होतं आणि बिघाड तिथे असू शकतो. स्लीपमध्ये रॅमला वीज चालू असते. हायबरनेटमध्ये रॅममधलं सगळं सी ड्राइव्हवरच्या फाइलमध्ये उतरवून वीज बंद होते. कुठल्यातून उठताना मरतो ते कळलं की अर्धं काम झालं. चाचणीच्या मध्ये ‘शट डाउन’ नको, ‘रीस्टार्ट’ करा. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन म्हणजे निम्मं हायबरनेटच, जुनी घाण तशीच परत येते.

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजची नोंदवही) ‘कर्नल-पॉवर 41’ ही नोंद दिसेल. त्यावरून लगेच चार्जर बदलायला धावू नका. मशीन नीट बंद झालं नव्हतं, एवढंच तो सांगतो. त्याच्या आधीच्या नोंदी वाचा. निळ्या पडद्यावर ‘ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर’ असेल तर संशय ड्रायव्हरवर: आधी ग्राफिक्स, मग वायफाय. ड्रायव्हर लॅपटॉप कंपनीच्याच साइटवरून घ्या, ‘ड्रायव्हर अपडेटर’ नावाच्या फुकट भानगडी नकोत.

यूएसबीला लावलेलं सगळं काढून एकदा बघा. डिजिटल सहीचं टोकन, प्रिंटर, माउसचा डोंगल, सगळं. हे मला उशिरा सुचलं.

एवढं करूनही भागलं नाही तरच बायोस. आणि बायोसला हात लावण्याआधी, पुन्हा विचारतो, की लिहिली का? कागद कुठे आहे? हातात घेऊन बघा. मग बिटलॉकर सस्पेंड (तात्पुरतं बंद) करा, बॅटरी पूर्ण भरा, चार्जर लावूनच ठेवा. आपल्याकडे वीज कधी जाईल याचा भरवसा नाही, म्हणून चार्जर असला तरी बॅटरी भरलेलीच हवी.

रॅमची तपासणी रात्री लावून झोपा.

काहीच जमलं नाही तर कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून हायबरनेट बंद करा; फास्ट स्टार्टअपही त्यासोबत जातं. मग स्लीपमध्ये बॅटरी संपली तर सेव्ह न केलेलं जाईल, तेवढं लक्षात ठेवा.

सोडवण्याइतका वेळ नसेल तर 20 तारीख होईपर्यंत सरळ शट डाउन करत जा. की मात्र तरीही लिहा.