गेम प्रोग्रॅमिंगचं पुस्तक, नोकरी आणि घर: लिहायला बसण्याआधी

पहिलं पुस्तक लिहिताना माझी दहा दिवसांची रजा एका आकड्यापायी वाया गेली. आकडा होता ४. आता दुसऱ्या पुस्तकाच्या करारावर सही करायची आहे. त्याआधी तयारी एकदा लिहून काढते, म्हणजे निदान तोच खड्डा परत नको. लॅपटॉप, बॅकअप, बरी खुर्ची हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे. त्यावर वेळ घालवत नाही.

पहिला हिशेब तासांचा, आणि तो सहीच्या आधी करा. माझं पुस्तक ३०० पानांचं ठरलं होतं. कोड लिहिणं, चालवणं, मुद्दाम बिघडवून बघणं आणि मग त्याबद्दल चार वाक्यं लिहिणं, हे सगळं धरून मला एका पानाला सरासरी अडीच तास लागले. म्हणजे ७५० तास. नोकरी आणि घर सांभाळून आठवड्याला खरेखुरे किती तास निघतात? मी सुरुवातीला १५ धरले होते, निघाले ८. भागाकार केलात तर जवळपास ९४ आठवडे येतात, पावणेदोन वर्षांच्याही वर. मी सही केली होती दहा महिन्यांवर. मुदत दोनदा वाढवून घेतली, आणि दोन्ही वेळा संपादकांना फोन करताना शाळेत गृहपाठ न केल्यासारखं वाटत होतं. तुमचा आकडा वेगळा असेल, पण तो अंदाजाने ठरवू नका. एक प्रकरण पूर्ण लिहा, घड्याळ लावून लिहा, आणि मगच तारीख कबूल करा.

दुसरं, ऑफिसची लेखी परवानगी. नोकरीच्या करारात बौद्धिक संपदेचं कलम असतं आणि ते बहुतेकांनी सही करताना वाचलेलं नसतं. काही करारांत नोकरीत असताना केलेल्या कुठल्याही सॉफ्टवेअरवर कंपनीचा हक्क सांगितलेला असतो, मग ते रविवारी घरी बसून का केलेलं असेना. पुस्तकातला कोड हे सॉफ्टवेअरच आहे. मॅनेजर तोंडी ‘कर की, छान आहे’ म्हणतात. ते म्हणतात तेही खरं, आणि वर्षभरात त्यांची बदली होते तेही खरं. ईमेल घ्या. ऑफिसच्या लॅपटॉपवर पुस्तकाची एकही फाईल ठेवू नका, जेवणाच्या सुट्टीतसुद्धा नाही.

तिसरं, गेम इंजिनची, म्हणजे ज्या तयार सॉफ्टवेअरवर गेम बांधतात त्याची, आवृत्ती. हे मी त्या वेळी नीट केलं होतं, म्हणून थोडक्यात. माझा करार २०२२ च्या सप्टेंबरातला. पुस्तक गोडो या इंजिनच्या ३.५ आवृत्तीवर, आणि आवृत्तीचा आकडा करारातच लिहिलेला. १ मार्च २०२३ ला गोडो ४.० आलं आणि कोडमधली ओळखीची नावंच बदलली. कायनेमॅटिकबॉडीचं कॅरॅक्टरबॉडी झालं, स्पेशियलचं नोड थ्रीडी झालं, यील्डच्या जागी अवेट आलं. मूव्ह-अँड-स्लाइड हे फंक्शन वेगाचा आकडा कंसात घ्यायचं, तेही थांबलं. आकडा करारात नसता तर अर्धं पुस्तक पुन्हा लिहावं लागलं असतं. पुस्तक आल्यावर ‘जुन्या आवृत्तीचं आहे’ अशी कुरकुर झालीच, पण वाचकाने टाईप केलेला कोड चालला, आणि मला तेवढं पुरे होतं. इंजिन कुठलंही निवडा, ते बनवणाऱ्यांचं मन बदलू शकतं. युनिटी या दुसऱ्या इंजिनच्या कंपनीने २०२३ च्या सप्टेंबरात गेमच्या इन्स्टॉलमागे शुल्क जाहीर केलं आणि वर्षभराने मागे घेतलं. मधल्या वर्षात युनिटीवर लिहिणाऱ्यांची काय अवस्था झाली असेल याची कल्पना करा.

आता माझी चूक. प्रत्येक प्रकरण संपलं की त्या क्षणीचा प्रोजेक्ट वेगळ्या फोल्डरमध्ये गोठवून ठेवा. याला दोन मिनिटं लागतात. मी ती दोन मिनिटं नऊ प्रकरणं वाचवली.

झालं असं. तिसऱ्या प्रकरणात वाचक पुस्तकातल्या गेमचं यान पहिल्यांदा हलवतो. सोपं राहावं म्हणून मी दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावरचं चित्र नव्याने काढलं जाईल त्या प्रत्येक वेळी, एक्स मध्ये, म्हणजे यानाच्या आडव्या जागेत, ४ मिळवत होते. माझ्या स्क्रीनवर सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे यान सेकंदाला २४० पिक्सेल सरकणार. छान दिसत होतं. मी नववं प्रकरण लिहीत असताना तांत्रिक परीक्षकांचा तिसऱ्या प्रकरणावरचा शेरा आला: ‘माझ्याकडे यान उडून जातं.’ त्यांचा मॉनिटर १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ फ्रेम. १४४ गुणिले ४ म्हणजे ५७६, जवळजवळ अडीचपट वेग. चूक शाळकरी होती आणि उपायही शाळकरी. ४ च्या जागी २४० लिहायचं आणि त्याला डेल्टाने, म्हणजे मागच्या फ्रेमपासून उलटलेल्या वेळाने, गुणायचं. मी एका रात्रीत यान, गोळ्या, शत्रू, सरकणारी पार्श्वभूमी, सगळं दुरुस्त केलं आणि झोपले.

सकाळी लक्षात आलं की दुरुस्त झालं ते नवव्या प्रकरणातलं यान. माझ्याकडे प्रोजेक्ट एकच होता. त्याच्यावरच प्रकरणागणिक पुढचं काम चढवत गेले होते. तिसऱ्या प्रकरणाच्या शेवटी वाचकाच्या हातात जो छोटा, शत्रू नसलेला, गुण नसलेला गेम असायला हवा, तो जगात कुठेच नव्हता. गिट, म्हणजे कोडचे जुने टप्पे जपणारं साधन, होतं ना, असं कुणी म्हणेल. होतं. कमिटची, म्हणजे त्यात जपलेल्या टप्प्यांची, नावं होती ‘रात्रीचं’, ‘चालू आहे’, ‘आता खरंच झालं’. त्यातलं एकही प्रकरणाच्या शेवटाशी जुळत नव्हतं. तुकड्यातुकड्याने लिहिणाऱ्याचे कमिट झोप आली तेव्हाचे असतात, प्रकरण कुठे संपलं याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं.

मग हस्तलिखित समोर ठेवून सहा प्रकरणांचे सहा प्रोजेक्ट हाताने पुन्हा उभे केले. तेव्हा कळलं की मजकुरातला कोडही जागोजागी प्रोजेक्टपासून फारकत घेऊन बसलाय. या कामाला दहा दिवस लागले. ते दहा दिवस मुलीच्या सुट्टीसाठी राखून ठेवलेले होते. ती सुट्टीभर दाराशी येऊन विचारायची, ‘आई, यान झालं?’

म्हणून पद्धत नीट सांगते. प्रकरण संपलं की प्रोजेक्टचं अख्खं फोल्डर कॉपी करा आणि नाव द्या ‘०३_शेवट’. आकडा दोन अंकी ठेवा, नाहीतर काही याद्यांत १० हे २ च्या आधी येऊन बसतं. इंजिन स्वतः तयार करतं तो साठा, म्हणजे युनिटीत लायब्ररी आणि गोडो ४ मध्ये डॉट-गोडो ही फोल्डरं, कॉपी करू नका. तो परत तयार होतो आणि जागा बेसुमार खातो. कॉपी केलेलं फोल्डर उघडून एकदा चालवा. चाललं की गिटमध्ये त्या टप्प्याला नावाचा टॅग मारा. पुढच्या प्रकरणाची सुरुवात या कॉपीची कॉपी करून. फोल्डरऐवजी गिटमध्ये ब्रँच, म्हणजे वेगळी शाखा, ठेवा असं सांगणारे भेटतील. माझं मत फोल्डरकडे, कारण निम्म्या वाचकांना गिट येत नसतं आणि शेवटी त्यांना झिपच द्यायची आहे. मागच्या प्रकरणात चूक सापडली तर ०३ पासून दुरुस्त करत ०४, ०५ असं पुढे या आणि ‘बदल’ नावाच्या फाईलमध्ये लिहीत जा: ‘वेग २४०, ०५ पर्यंत झालं.’ ही ओळ लिहाच. ०५ वर असताना ऑफिसमधून सर्व्हर पडल्याचा फोन येणार आणि तुम्ही परत याल ते आठ दिवसांनी.

मजकुरातला कोड त्या गोठवलेल्या फोल्डरमधूनच उचला. वर्ड प्रोसेसरमध्ये बसून कोड टाईप करू नका. तो सरळ अवतरणचिन्हांची वाकडी करतो, वाक्याची सुरुवात समजून पहिलं अक्षर मोठं करतो, आणि ओळीच्या सुरुवातीचे समासाचे टॅब खातो. गोडोच्या भाषेत समास चुकला की प्रोग्रॅमच चुकला.

वेळापत्रकाचं बोलू. रोज पहाटे पाचला उठून लिहिणारे असतील, मी नाही. मला उपयोग झाला तो तासांची प्रतवारी करण्याचा. वीस मिनिटं मिळाली तर आकृतीचं शीर्षक लिहायचं, कोडच्या ओळी छापील रुंदीत बसवायच्या किंवा परीक्षकाच्या एका शेऱ्याला उत्तर द्यायचं. सलग दोन तास मिळाले तरच नवा कोड. वीस मिनिटांत टक्कर तपासण्याचं गणित समजावून लिहायला घेतलंत तर वीस मिनिटांनी फक्त चिडचिड हाती राहील. उठताना पुढची एक ओळ लिहून ठेवा, ‘गोळी भिंतीतून आरपार जाते, वेग कमी करून बघ’ इतकी नेमकी. ‘प्रकरण ६ पुढे चालू’ ही ओळ निरुपयोगी आहे.

ऑफिसच्या रिलीजच्या तारखा आणि ऑन-कॉलचे, म्हणजे बिघाडाचे फोन घ्यायचे, आठवडे कॅलेंडरवर आधी टाका, पुस्तक त्यानंतर. रिलीजच्या आधीचे दोन आठवडे शून्य धरा. ‘रात्री तासभर तरी बसेन’ असं म्हणू नका, बसणार नाही, आणि बसलात तर प्रकरण गोठवायला नेमक्या त्याच रात्री विसराल. माझी पाचव्या आणि सातव्या प्रकरणाची अखेर रिलीजच्या आठवड्यात आली होती. डोळे मिटत असताना दोन मिनिटंही जास्त वाटतात. तेव्हाच करायचं असतं. फोल्डर कॉपी झाल्याशिवाय प्रकरण संपलं असं म्हणायचं नाही, संपादकांनाही पाठवायचं नाही.

घर. घरच्यांना ‘थोडं लिहायचंय’ असं सांगू नका. आठवड्याचे कोणते दिवस, किती ते किती, हे सांगा, आणि त्या बदल्यात कुठला दिवस पूर्ण त्यांचा हेही सांगा. तो पाळा. पाळला नाहीत तर पुढची परवानगी मागताना जीभ अडखळते. मी शनिवार दिला होता आणि सहा महिन्यांनी तो हळूहळू परत घ्यायला लागले, आधी सकाळ, मग दुपार. नवरा काही बोलला नाही. एकदा फक्त म्हणाला, ‘शनिवारचं प्रकरण कितवं?’ त्यानंतर मात्र सांभाळला. आजारपणं, पाहुणे, शाळेच्या परीक्षा यांसाठी दर महिन्याला एक आठवडा हिशेबातून काढूनच टाका. मनगट आणि मान दुखायला लागली तर थांबा, दिवसाची नोकरीही कीबोर्डवरच आहे.

चित्रं आणि आवाज ज्या परवान्याचे घ्याल तो पहिल्याच दिवशी एका फाईलमध्ये नोंदवा. कोणतं चित्र, कुठून, कुणाचं, परवाना कोणता. ‘व्यावसायिक वापर नाही’ असं लिहिलेलं काहीही नको, कारण पुस्तक विकलं जाणार आहे. सीसी-झिरो, म्हणजे निर्मात्याने हक्क सोडून दिलेला परवाना, सगळ्यात बिनघोर; गेमसाठी मोफत चित्रं देणाऱ्या केनीच्या संग्रहातली चित्रं त्याच परवान्याची आहेत. फॉन्टचंही बघा, तो सगळेच विसरतात.

स्क्रीनशॉट शेवटी काढा. आधी काढले की बटणाचा रंग बदलतो आणि सगळे परत. एडिटरची थीम उजळ ठेवा, काळी थीम कागदावर डांबरासारखी दिसते. १२ सेंटीमीटर रुंद छापायचं असेल तर ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांना, सुमारे १,४२० पिक्सेल लागतात, आणि चॅटवरून पाठवलेल्या चित्राचे तेवढे उरत नाहीत. स्क्रीनशॉट त्याच गोठवलेल्या फोल्डरमधून काढायचे. ०४ चं चित्र ०४ मधून. माझ्या चौथ्या प्रकरणाच्या चित्रात आठव्या प्रकरणातली गुणांची पाटी झळकत होती. परत सांगते, फोल्डर.

कोडच्या ओळीत जास्तीत जास्त किती अक्षरं चालतात ते प्रकाशकाला आधीच विचारा. मला ७० सांगितली, ती सातव्या प्रकरणानंतर.

पुढचं पटापट. हस्तलिखित दिलं की काम संपत नाही: परीक्षकांचे शेरे, भाषा-संपादन, प्रुफं, सूची, आणि प्रत्येकाला मुदत दिवसांची मिळते, आठवड्यांची नाही. रजेचे चार-पाच दिवस तेव्हासाठी शिल्लक ठेवा. प्रुफात कोड वाचताना समास बघा, शब्द नंतर. सूची दुसऱ्या कुणाकडून होत असेल तर करून घ्या. झिप दुसऱ्याच्या मशीनवर उघडून चालवा, शक्यतो १४४ हर्ट्झच्या. प्रकाशनाच्या आठवड्यात ऑफिसात नवीन काही अंगावर घेऊ नका.

शुद्धिपत्राची फाईल आजच उघडून ठेवा. माझ्या फाईलमधली पहिली नोंद तिसऱ्या प्रकरणाची आहे: आकृतीच्या खालच्या ओळीत ४, वाचावे २४०.