मेणवलीच्या घाटावर सात जणांत एक दिवसाचं शूट

वाईपासून जवळच मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि त्याला लागून कृष्णेचा घाट आहे. दोन्ही जागा चालत जाण्याइतक्या जवळ असल्यामुळे गाडीत सामान भरण्या-उतरवण्यात वेळ जात नाही, आणि छोट्या युनिटला पटकथेची चार पानं एका दिवसात उरकता येतात. बहुतेक जण दिवसाचं वेळापत्रक उजेड बघून लावतात. इथे ते आधी आवाजावर लावा. उजेड थर्माकोलच्या पांढऱ्या पाट्यावरून परतवून सावरता येतो, पण संवादावर आलेला ट्रॅक्टरचा आवाज नंतर पुसता येत नाही.

रेकीला, म्हणजे शूटआधी जागा बघायला, जाताना शूटचा जो वार असेल तोच वार निवडा. सकाळी सहापासून संध्याकाळपर्यंत दर तासाला दोन मिनिटं फक्त आवाज रेकॉर्ड करा आणि कागदावर लिहून ठेवा: भोंगा कधी लागतो, धुणं आपटायला बायका कधी येतात, पर्यटक देवळातली घंटा कधी वाजवू लागतात. ऊस गळीताचा हंगाम असेल तर ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरवरची गाणी लांबूनही ऐकू येतात. संवाद कुठल्या तासाला ठेवायचे, हे त्या कागदावरून ठरतं.

परवानगी लेखीच घ्या. वाडा खासगी आहे, त्यामुळे मालकांची वेगळी, घाटासाठी ग्रामपंचायतीची, आणि वाई पोलीस ठाण्यात तारीख, वेळ, माणसं आणि गाड्यांचे नंबर दिलेलं पत्र. ड्रोनचे नियम स्वतंत्र आहेत. त्याची व्यवस्था आधी झाली नसेल तर तो शॉट पटकथेतूनच काढा.

आणखी एक चौकशी पाटबंधारे खात्यात करा. धोम धरण वरच्या अंगाला आहे. आवर्तन, म्हणजे शेतीसाठी धरणातून सोडलेलं पाणी, सुटलं की नदी चढते, सकाळी कोरडी असलेली पायरी दुपारी बुडते आणि एकाच सीनच्या दोन शॉट्समध्ये नदी वेगळी दिसते. त्या दिवशी पाणी सुटणार असेल तर पाणी फ्रेममध्ये असलेले सगळे शॉट्स एका दमात घ्या. शेवाळलेल्या पायरीवर ट्रायपॉड लावू नका. वाळूची पिशवी असली तरी तो घसरतो.

सात जणांत कामं अशी वाटा: दिग्दर्शक, कॅमेरामन, कॅमेरा असिस्टंट, साउंड रेकॉर्डिस्ट, असिस्टंट डायरेक्टर, लाइट दादा आणि प्रॉडक्शन. क्लॅप, लॉगशीट (कुठला टेक कसा झाला याची नोंद) आणि कन्टिन्यूटीचे (कपडे, वस्तू शॉट्समध्ये सारखे राहावेत म्हणून काढलेले) फोटो असिस्टंट डायरेक्टरकडे. प्रॉडक्शनचा माणूस लोकांना थांबवायला वाटेच्या तोंडाशी उभा असतो. नेमका संवादाच्या वेळी तो जेवण आणायला गेला की मागून बघे फ्रेममध्ये येतात. म्हणून जेवण बाराला जागेवर पोचेल असं आदल्या दिवशीच सांगून ठेवा.

जानेवारीत इथे सूर्य सातनंतर उगवतो. साडेपाचला कॉल (युनिट जमण्याची वेळ), सहाला जागेवर, सव्वासातला पहिला टेक. घाटावरचे संवाद साडेनऊपर्यंत संपवा. मग धुण्याचा आवाज दगडावर घुमू लागतो. तेव्हा बिनसंवादाचे वाइड आणि चालण्याचे शॉट्स घ्या. अकरा ते साडेतीन वाड्यात, कारण डोक्यावरच्या उन्हात डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात. त्यानंतर पुन्हा घाट. सूर्यास्त सहानंतर लगेच आहे, पण साडेपाचनंतर नवा सेटअप मांडू नका. सेटअपला वीस-पंचवीस मिनिटं धरली तर दिवसात वीसच्या आसपास शॉट्स निघतात. पस्तीसची यादी घेऊन गेलात तर संध्याकाळी नेमके महत्त्वाचे क्लोज राहतात. एका दिशेचे सगळे शॉट्स संपवूनच कॅमेरा फिरवा.

घाटावर घुमणाऱ्या आवाजावर गोधड्या चालतात. फ्रेमच्या बाहेर पायऱ्यांवर तीन-चार जाड गोधड्या पसरा आणि बूम (लांब काठीवरचा माइक) वरून, फ्रेमच्या कडेपर्यंत खाली आणा. कॉलर माइक सिंथेटिक पदराखाली खसखसतो. तो सुती कापडावर मेडिकल टेपने चिकटवा आणि पदर पिनेने पक्का करा. रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट; बोलण्याची उंच टोकं उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा. प्रत्येक जागा सोडण्याआधी सगळ्यांनी जागच्या जागी थांबून ६० सेकंदांचा रूम टोन, म्हणजे त्या जागेचा नुसता शांत आवाज, रेकॉर्ड करा, त्याच माइकने आणि त्याच गेनवर (आवाजाच्या पातळीवर). हा मिनिट वाचवायचा मोह होतोच. पण तो नसला की एडिटमध्ये प्रत्येक कटवर मागचा आवाज तुटतो.

वाड्यातलं वायरिंग जुनं असू शकतं. ५ अँपिअरच्या प्लगवर १००० वॉटचा दिवा लावला तर सव्वाचारहून थोडे जास्त अँपिअर तिथेच जातात. त्यात चार्जर आला की फ्यूज उडू शकतो. ३०० वॉटचे दोन एलईडी पुरतात, तेही वेगवेगळ्या प्लगवर. एक्स्टेन्शनची केबल पूर्ण उलगडा, गुंडाळलेली तापते. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे सेकंदाला २४ किंवा २५ फ्रेम असताना शटर १/५० सेकंद ठेवलं की दिवे लुकलुकत नाहीत.

सेकंदाला ४०० मेगाबिटवर शूट केलं तर मिनिटाला ३ जीबी लागतात. १२८ जीबीचं कार्ड चाळीसेक मिनिटांत भरतं. भरलेल्या कार्डावर लगेच लाल टेप लावा. कॉपी जेवणाच्या सुट्टीत आणि पॅकअपनंतर, दोन वेगळ्या हार्डडिस्कवर, चेकसम (कॉपी मूळ फाइलशी तंतोतंत जुळते का ते दाखवणारा आकडा) तपासून. दोन्ही कॉपी उघडून बघितल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही, आणि परतताना दोन्ही डिस्क वेगवेगळ्या गाड्यांतून पाठवायच्या.