कोंबडीची पिल्ले येण्याआधी: प्रोबायोटिक वापरायची तयारी

पहिला मान शेडचा. जुनी गादी (जमिनीवर पसरलेला भुसा) पूर्ण उचला, धुवा, जंतुनाशक मारा आणि शेड कोरडी होऊ द्या. उंदीर आणि गादीतले काळे किडे साल्मोनेला (माणसाला अन्नातून आजारी पाडणारा जिवाणू) एका बॅचमधून दुसऱ्या बॅचमध्ये नेतात. त्यांचा बंदोबस्त झाला नसेल तर प्रोबायोटिकवर पैसे घालण्यात अर्थ नाही, हे माझे स्पष्ट मत. प्रोबायोटिक म्हणजे उपयुक्त जिवंत जिवाणू; ते औषध नव्हे, आतड्यात जागा अडवायची युक्ती आहे. नुकत्याच निघालेल्या पिल्लाच्या आतड्यात जिवाणू फारच थोडे असतात, त्यामुळे जो आधी पोचेल तो बस्तान बसवतो. 1973 मध्ये फिनलंडच्या नुर्मी आणि रांताला यांनी मोठ्या कोंबड्यांच्या आतड्यातला ऐवज पिल्लांना पाजून हेच दाखवले: ती पिल्ले साल्मोनेलाला पुरून उरली. म्हणून हॅचरीतच (अंडी उबवतात तिथे) पिल्लांवर प्रोबायोटिकची फवारणी होते का, ते आधी विचारून ठेवा. होत नसेल तर पहिले पाणी प्रोबायोटिकचेच हवे.

आता डबा. त्यावर जिवाणूचे नाव, ग्रॅममागे जिवंत जिवाणूंची संख्या आणि मुदत छापलेली हवी. नुसते ‘उपयुक्त जिवाणू’ एवढेच लिहिले असेल तर परत करा. गोळी खाद्यात मिसळायचे असेल तर बॅसिलस सबटिलिससारखा बीजाणू (उष्णता सोसणारे टणक रूप) करणारा जिवाणू निवडा, कारण गोळी पाडताना लागणारी वाफेची उष्णता लॅक्टोबॅसिलसला सहसा सोसत नाही. लॅक्टोबॅसिलस पाण्यातून द्या.

खरी गफलत होते ती पाण्यात. क्लोरीन चांगला-वाईट जिवाणू ओळखत नाही. डोसच्या वेळी क्लोरीन बंद ठेवा, किंवा लिटरला सुमारे 2.5 ग्रॅम साय काढलेल्या दुधाची भुकटी आधी विरघळवून मग प्रोबायोटिक टाका. निपल लाइनचे (पिल्लांना पाणी देणाऱ्या नळीचे) टोक उघडून आत बोट फिरवा. बुळबुळीत लागले तर लाइन आधीच हायड्रोजन पेरॉक्साइडने साफ करून भरपूर पाण्याने धुऊन काढा. पाणी तासभर तोडून मग डोस सोडला की सगळी पिल्ले एकदम पितात. प्रतिजैविक चालू असेल तर डोस ते संपल्यावर.

कॅम्पिलोबॅक्टर या माणसाला आजारी पाडणाऱ्या दुसऱ्या जिवाणूबाबत फार आशा धरू नका. तो साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात शिरतो, बहुधा माणसाच्या बुटांवरून, आणि प्रोबायोटिकचे निकाल त्याच्यावर एकसारखे येत नाहीत. प्रत्येक शेडच्या दाराशी वेगळे बूट ठेवा.

कोंबडी टुणटुणीत दिसते म्हणून समाधान मानू नका. हे जंतू बहुतेक वेळा तिला आजारी न पाडताच माणसाच्या ताटात पोचतात. बुटांवर घालायचे कापडी मोजे आणून ठेवा, ते घालून शेडभर फिरा आणि जंतू तपासायला ते मोजे प्रयोगशाळेत पाठवा. प्रोबायोटिकच्या आधीच्या बॅचचाही असा अहवाल हाताशी हवा, नाहीतर तुलना कशाशी करणार?

कत्तलीआधी खाद्य तोडले की भुकेले पक्षी गादी टोचतात आणि अन्नपिशवीत (गळ्याशी खाद्य साठते तिथे) जंतू वाढतात. तेव्हा उपाशी ठेवण्याचे तास आणि गाडीची वेळ आदल्या दिवशीच जुळवा, पिंजरे धुऊन वाळलेत का तेही पाहा.