बरबटीचे वडे येतात ना, मग अकारा पण येईल (आणि जोलोफ भात सुद्धा)

दादा वहिनी तीन वर्षं नायजेरियात लागोसला राहून आले तेव्हापासून आमच्याकडे शनिवारी सकाळी पोह्यांच्या जागी अकारा, म्हणजे तिकडचे बरबटीचे तळलेले वडे, होतो, आणि ज्याला ज्याला खाऊ घातला तो पहिल्यांदा हेच म्हणते की हे तर आपले बरबटीचे वडेच आहेत. आहेत पण आणि नाहीत पण. दाणा तोच, काळ्या डोळ्याची पांढरी बरबटी, पुण्याकडे जिला चवळी म्हणतात ती. फरक सालांचा आणि हवेचा.

पाव किलो बरबटी दहा पंधरा मिनिटं पाण्यात ठेवा, मग पाण्यासकट मिक्सरमध्ये दोन तीनदा नुसता झटका द्या, दाणा फुटला पाहिजे, पीठ नाही. मोठ्या गंजात काढून हातानं चोळा, सालं वर तरंगतात, ती पाण्यासोबत ओतून द्या, परत पाणी, परत चोळा. सात आठ वेळा करावं लागते. वेळखाऊ आहे हे खरं, पण आपल्या वड्यात सालं चालतात, इथं नाही, अकारा जड आणि काळपट होतो. सालं गेली की दाणे अजून दोन तास भिजू द्या.

वाटताना पाणी पाती फिरण्यापुरतंच, सोबत अर्धा कांदा आणि एक दोन तिखट मिरच्या. तिकडे अता रोडो नावाची गोल मिरची असते, तिखटजाळ पण फळासारख्या वासाची, मला इथं कधी दिसली नाही म्हणून मी भिवापुरी लाल मिरची गरम पाण्यात भिजवून घालते. जिरं, सांभार (कोथिंबीर), लसूण काही नको, हात शिवशिवतो मला माहीत आहे, पण चव बरबटी आणि कांद्याचीच आली पाहिजे.

आता फेटणं, अकारा इथंच बनतो किंवा बिघडतो. आठ दहा मिनिटं एकाच दिशेनं फेटा, पीठ पांढरं आणि हलकं होते, थेंब पाण्यात टाकला की तरंगला पाहिजे, दहीवड्याच्या पिठाचं पाहतो तसंच. मीठ आणि बारीक चिरलेला कांदा तेलात सोडायच्या अगदी आधी, आणि तेही एका घाण्यापुरत्याच पिठात. वहिनीनं दोनदा सांगूनही पहिल्या वेळी मी मीठ आधीच घातलं, कांद्याला पाणी सुटलं, हवा बसली आणि सगळे वडे तेलात पसरले. हातावर थापायचं नाही, चमच्यानं सोडायचं, मध्यम आचेवर. शेंगदाणा तेल चांगलं. लाल पाम तेलातही तळतात पण दुकानातलं पाकिटातलं पामोलिन म्हणजे ते नव्हे, ते रिफाइन न केलेलं, गडद केशरी असते. गुलाम करून नेलेल्या लोकांसोबत हाच वडा ब्राझीलच्या बाहियात पोचला, तिथं त्याला अकाराजे म्हणतात आणि आजही त्याच लाल तेलात तळतात.

नायजेरियात पावात भरून खातात, नाहीतर ओगीसोबत, म्हणजे मक्याची किंवा ज्वारीची आंबवलेली पातळ पेज. आपली आंबील करा, छान जमते. पीठ उरलं तर त्यात लाल सिमला मिरची वाटून, थोडं तेल, मीठ आणि पाणी घालून पातळ करा आणि वाट्यांमध्ये चाळीस मिनिटं वाफवा, ते झालं मोईमोई.

आता जोलोफ, म्हणजे टमाटर मिरचीच्या वाटणात शिजवलेला तिकडचा लाल भात. त्यासाठी बासमतीचा हट्ट करू नका, तुटतो. सेला तांदूळ घ्या, तिकडेही उकडाच वापरतात. दोन वाट्या तांदळाला चार टमाटर, दोन लाल सिमला मिरच्या, एक कांदा आणि तिखट मिरची वाटून घ्या. अर्धी वाटी तेलात चिरलेला कांदा, मग तीन चमचे टोमॅटो पेस्ट चांगली गडद होईपर्यंत परता, कच्ची राहिली तर भात आंबट लागते. मग वाटण टाका आणि वीस पंचवीस मिनिटं शिजू द्या, सावजी रस्स्यावर येते तशी तर्री दिसली पाहिजे, त्याआधी तांदूळ टाकूच नका. करी पावडर, वाळलेला थाइम, तेजपान, मीठ, चिकनचा स्टॉक दीड दोन वाट्या, धुतलेला तांदूळ, वरून फॉइल लावून घट्ट झाकण आणि गॅस एकदम बारीक, अर्धा तास. पाणी कमीच ठेवा, भात वाफेवर शिजतो, मधे एकदाच खालवर करा. शेवटची पाच मिनिटं आच वाढवा, मुद्दाम, खाली खरवड धरली की सगळ्या भाताला तो धुरकट वास लागते, तिकडच्या लग्नात लाकडावर मोठ्या गंजात शिजवलेल्या भाताला येते तोच, आणि त्याच्यासाठीच लोक जोलोफ खातात. सोबत डोडो, म्हणजे भाजीची केळी पिवळी होऊन काळे ठिपके येईपर्यंत ठेवून, तिरपे काप करून तळलेली. आमच्याकडे भाताआधी तीच संपतात, म्हणून सहा घ्या.