पोरांना घेऊन बसने लायब्ररीत जायचंय? आधी परतीची बस बघा

आम्ही घरचे सगळे महिन्यातून दोनदा तरी लायब्ररीत जातो आणि गाडी न काढता जातो. जवळचे लोक सारखं विचारतात की लहान मुलांना घेऊन कसं जमतं, म्हणून सगळं एकदाच लिहून टाकतेय.

पहिलं म्हणजे जायची बस नंतर शोधा, आधी परतीची शोधा. जाताना सगळे फ्रेश असतात, पंधरा मिनिटं जास्त थांबावं लागलं तरी चालतं, पण येताना धाकटं पेंगुळलेलं असतं, मोठ्याला भूक लागलेली असते आणि खांद्यावर पुस्तकांचं ओझं. सुट्टीच्या दिवशी बऱ्याच रूटवर बसेस कमी असतात, त्यामुळे ॲपमध्ये वेळ बघताना आजची नाही, ज्या दिवशी जाणार आहात ती तारीख टाकून बघा. आणि परतीचा स्टॉप नेमका कुठे आहे तेही मॅपवर झूम करून बघाच. आमची एकदा चांगलीच फजिती झाली, जिथे उतरलो त्याच्या समोर जाऊन उभे राहिलो, वीस मिनिटं झाली तरी बस येईना, मग एका आजोबांनी सांगितलं की अहो हा रस्ता वन वे आहे, परतीची बस मागच्या रस्त्यावरून जाते. धाकटी खांद्यावर झोपलेली आणि हातात आठ जाड पुस्तकं! तेव्हापासून हे आधी बघते.

बाबागाडी असेल किंवा आजी-आजोबा बरोबर असतील तर सगळ्यात जवळचा स्टॉप सगळ्यात सोयीचा असेलच असं नाही. मधे मोठा रस्ता क्रॉस करायचा असेल, फूटपाथ नसेल, तर एक स्टॉप पुढे उतरून सिग्नलवरून मागे चालत आलेलं परवडतं. मेट्रोने जाणार असाल तर लिफ्ट कुठल्या गेटला आहे ते बघा, ती सगळ्या गेटना नसते.

निघण्याआधी लायब्ररीला एक फोन करा. साप्ताहिक सुट्टी कधी, बालविभाग किती वाजेपर्यंत उघडा असतो (तो कधीकधी मुख्य विभागाच्या आधी बंद होतो), मेंबर व्हायला काय कागद लागतात, एका कार्डावर किती पुस्तकं मिळतात. पत्त्याचा पुरावा बहुतेक ठिकाणी मागतात. मुलांचं वेगळं कार्ड निघत असेल तर नक्की काढा, स्वतःच्या नावाचं कार्ड स्वतः काउंटरवर द्यायचं यात त्यांना जे वाटतं ना, ते बघण्यासारखं असतं.

आत गेल्यावर पुस्तकं आपण शोधून हातात देऊ नका. बऱ्याच लायब्रऱ्यांमध्ये ड्यूई पद्धतीने पुस्तकं लावलेली असतात, मेल्विल ड्यूई या अमेरिकन ग्रंथपालाने १८७६ साली काढलेली, विषयाला नंबर देऊन. ५२३ ला ग्रह-तारे, ५६७.९ ला डायनोसॉर, ३९८.२ ला लोककथा आणि परीकथा. गोष्टींची पुस्तकं बहुतेक वेगळी, लेखकाच्या नावाने लावतात. मुलाला एक नंबर कागदावर लिहून द्या आणि शोधायला सोडा. माझा मुलगा वाघाचं पुस्तक शोधत होता, ५९९.७५, बोटाने एकेक लेबल वाचत माकडांच्या ५९९.८ पाशी आला आणि तिथून पुढेच शोधत राहिला, कारण ७५ तर ८ पेक्षा मोठा! मग तिथेच खाली बसून ५९९.८ म्हणजे ५९९.८० असं लिहून दाखवलं. दशांश अपूर्णांक त्याला त्या दिवशी कळले, वहीत महिनाभर कळत नव्हते.

नाहीच सापडलं तर ग्रंथपालांना विचारा, संकोच करू नका. आपले भारतीय ग्रंथालयतज्ज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले त्यातला चौथा वाचकाचा वेळ वाचवा हाच आहे, तेव्हा विचारणं हा आपला हक्क आहे असं मी तरी मानते. चुकीचं पुस्तक काढलं तर अंदाजाने परत खोचू नका, टेबलावर किंवा ट्रॉलीत ठेवा. चुकीच्या जागी गेलेलं पुस्तक हरवल्यातच जमा असतं.

बसच्या पस्तीस-चाळीस मिनिटं आधी आवरायला घ्या. "चला आता" म्हटल्यावर प्रत्येकाला अजून एक पुस्तक हवं असतं, काउंटरवर रांग असते, आणि निघताना बाथरूमला जाऊन यायचंच. पुस्तकं दोन पिशव्यांत वाटून घ्या, मोठ्या मुलाला त्याची त्याला उचलू द्या, म्हणजे पुढच्या वेळी तो आपोआप दोन कमी घेतो. घेतलेल्या पुस्तकांचा ओळीने मांडून एक फोटो काढा आणि परत करायच्या तारखेच्या दोन दिवस आधीचा अलार्म तिथेच लावा.

बसमध्ये पोरं पुस्तकं उघडतातच, उघडू द्या. फक्त आपल्या स्टॉपच्या एक स्टॉप आधी मोबाईलमधला तो फोटो उघडून पुस्तकं मोजून घ्या, सीटच्या फटीत एखादं पातळ पुस्तक हमखास सरकलेलं असतं.