अपग्रेडनंतर यूएसबी पोर्ट गेला? बोर्ड बदलायच्या आधी या चुका टाळा

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, म्हणून बेळगाव, खानापूर, निपाणीकडे बऱ्याच जणांनी जुन्याच कॅबिनेटमध्ये नवा मदरबोर्ड आणि प्रोसेसर बसवून घेतला. त्यानंतर दुरुस्तीला येणाऱ्या मशीनबरोबर एक ठरलेलं वाक्य येतं: "सगळं नवं घातलं ओ, पण पेन ड्राइव्हच घेईना." आणि निदानही आधीच झालेलं असतं, की बोर्ड खराब लागला. कृपा करून एवढ्या लवकर तिथे पोहोचू नका. अपग्रेडनंतर बंद पडलेला पोर्ट बऱ्याचदा जिवंत असतो. जोडणीत किंवा ड्रायव्हरमध्ये (पोर्ट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) काहीतरी राहिलेलं असतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे विंडोजमध्येच बसून पोर्ट तपासणं. संशय असलेल्या पोर्टात साधा वायरचा कीबोर्ड लावा आणि मशीन चालू करताना बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, जा (बऱ्याच बोर्डांवर डिलीट किंवा एफ२). तिथे बाणाची बटणं चालली तर त्या पोर्टला ५ व्होल्ट मिळतात, डेटाही जातो, म्हणजे दोष विंडोजच्या बाजूला आहे. कीबोर्ड तिथेही मुका राहिला तर आधी तो दुसऱ्या पोर्टात लावून बायोसमध्ये तो पोर्ट बंद ठेवलेला नाही ना ते बघा, मगच स्क्रू ड्रायव्हर हातात घ्या. निळ्या, म्हणजे यूएसबी ३.० च्या पोर्टाबाबत एवढंच लक्षात ठेवा की त्यात ९ संपर्क असतात. कीबोर्ड त्यातले जुने ४ च वापरतो. कीबोर्ड चालतो पण पेन ड्राइव्ह रांगतो, असं असेल तर उरलेल्या ५ मध्ये गडबड असू शकते.

मागची पट्टी

खानापुरातल्या एका दुकानाचं मशीन आठवतं. तिथे ऑनलाइन अर्ज भरून देतात, उतारे काढून देतात. नवा बोर्ड बसवल्यापासून चालू केलं की काळ्या पडद्यावर यूएसबी डिव्हाइस ओव्हर करंट अशी ओळ यायची आणि १५ सेकंदांत सगळं बंद. रॅम बदलून झाली, एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) बदलून झाला. दारात माणसं कागद घेऊन उभी, आणि मालक म्हणाले, "अण्णा, आता बोर्डच बदला बघू."

मागून टॉर्च मारला. पोर्टांभोवती जी पत्र्याची आयओ पट्टी असते, तिची नखाएवढी जीभ पोर्टाच्या वरून जायच्या ऐवजी थेट आत शिरली होती आणि संपर्कांना टेकली होती. बोर्डाचे स्क्रू सोडले, चिमट्याने जीभ बाहेर वाकवली, बोर्ड परत बसवला. मशीन चालू झालं आणि अंगठ्याचा स्कॅनर मागच्याच पोर्टात लावून दिला. तेव्हापासून बोर्डाचे स्क्रू आवळायच्या आधी मी प्रत्येक पोर्टात टॉर्च मारून बघतो. बोर्डाखाली जुन्या बोर्डाचा एखादा पितळी स्टँडऑफ (बोर्ड उचलून धरणारा खुंट) जास्तीचा राहिला असेल तर तोही असाच शॉर्ट करतो.

पुढचे पोर्ट

पुढचे पोर्ट बोर्डावर नसतात, ते वायरने जोडलेले असतात. यूएसबी २.० चा आणि ऑडिओचा हेडर (बोर्डावरची पिनांची जागा) दिसायला सारखाच, दोन्ही ९ पिनांचे. यूएसबीच्या हेडरमध्ये गाळलेली पिन कोपऱ्यात असते, ऑडिओच्या हेडरमध्ये कोपऱ्याच्या अलीकडे. कनेक्टर जात नसेल तर जोर लावू नका, तुम्ही चुकीच्या जागी आहात. जुन्या कॅबिनेटमध्ये चार सुट्या वायरी येतात. लाल ५ व्होल्ट, पांढरी आणि हिरवी डेटाची, काळी ग्राउंड अशी रीत आहे, पण स्वस्त केबलीत रंग पाळतीलच असं नाही. वायरीवर छापलेलं नाव आणि बोर्डाचं पुस्तक जुळवूनच लावा. लाल-काळी उलटी लागली तर पहिल्या पेन ड्राइव्हचा जीव जातो, आणि त्यातच कुणाच्या तरी लग्नाचे फोटो असतात.

निळा १९ पिनांचा कनेक्टर फार कडक असतो. तिरका दाबला की पिन वाकते. ग्राफिक्स कार्ड बसवायच्या आधीच, हात मोकळा जातो तेव्हा, तो सरळ दाबून बसवा.

करंट आणि अर्थिंग

यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलीअँपिअर देतो, ३.० चा ९०० पर्यंत. एक्स्टर्नल हार्ड डिस्क पुढच्या लांब वायरीच्या पोर्टावर टिकटिक करत असेल तर ती मागे, थेट बोर्डावरच्या पोर्टात लावा.

अर्थिंगकडे मात्र आपल्याकडे कुणी बघत नाही, आणि मला हीच गोष्ट जास्त लागते. जुन्या गल्ल्यांमधल्या घरांत तीन पिनांच्या सॉकेटलाही आतून अर्थ जोडलेला नसतो. कॅबिनेटच्या पत्र्याला ओला हात लागला की झिणझिण्या येतात. मग प्रिंटर एका सॉकेटवर, मशीन दुसऱ्यावर, आणि यूएसबी केबल लावताना ठिणगी पडते. असे पोर्ट खरंच जळतात. वायरमनला बोलावून आधी अर्थिंग करून घ्या.

विंडोजच्या बाजूचं

जुनी हार्ड डिस्क तशीच नव्या बोर्डाला लावली असेल तर बोर्डाच्या कंपनीच्या साइटवरून चिपसेटचा ड्रायव्हर टाका. त्यानंतर शटडाउन करू नका, रिस्टार्ट करा. फास्ट स्टार्टअप चालू असताना शटडाउन केलं की विंडोज जुनीच अवस्था परत उठवतो. विंडोज ७ नव्या बोर्डावर टाकायचा हट्ट सोडा. त्यात यूएसबी ३.० चा ड्रायव्हरच नाही, त्यामुळे इन्स्टॉल करतानाच माउस आणि कीबोर्ड मरतात. वायरलेस माउस अडखळत असेल तर त्याचा रिसीव्हर निळ्या पोर्टापासून लांब लावा, यूएसबी ३.० चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झमध्ये घुसतो.

मराठी-कन्नड पत्रिका छापणाऱ्या डीटीपीवाल्यांनी विशेष जपावं. जुन्या सॉफ्टवेअरचा यूएसबी डोंगल (परवान्याची किल्ली) नव्या मशीनला दिसत नाही, तेव्हा पोर्टाला दोष देऊ नका. त्याचा ड्रायव्हर ३२ बिटचा असेल तर तो ६४ बिटच्या विंडोजवर चालणारच नाही, आणि विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येतो. नव्या ड्रायव्हरची चौकशी अपग्रेडच्या आधी करा. डोंगल, प्रिंटर, स्कॅनर सगळं नव्या मशीनवर एकदा चालवून बघेपर्यंत जुना बोर्ड भंगारात घालू नका.